बँकॉकच्या पाण्यावरून, रुळांवरून

बँकॉकला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना हे शहर वातानुकूलित गाडीच्या काचेतूनच दिसते. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते राजवाडा, राजवाडा ते बाजार. आणि या प्रत्येक टप्प्याच्या मध्ये वाहतुकीची कोंडी. चार दिवसांची सहल संपवून परतताना अनेकांच्या मनात राहतात ती सोनेरी मंदिरे, मोठमोठे मॉल आणि न हलणारे रस्ते. या तीन गोष्टींच्या मधले शहर मात्र पाहायचे राहूनच जाते. तेथील सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरच्या महानगरात राहणारी माणसे रोज कामावर कशी जातात, बाजारहाट कशी करतात आणि घरी कशी परततात, हे कळायचे असेल तर त्यांच्याच बोटीत, बसमध्ये आणि आगगाडीत बसावे लागते. सोबत एखादा स्थानिक मित्र किंवा मैत्रीण असेल तर उत्तमच. कारण बँकॉकची सार्वजनिक वाहतूक एका आराखड्यातून उभी राहिलेली नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून तयार झालेले तिचे थर एकमेकांवर साचले आहेत आणि ते जोडण्याची रीत नकाशापेक्षा तेथील रहिवाशांनाच अधिक ठाऊक आहे.

नदी हाच पहिला रस्ता

१७८२ मध्ये राजा राम पहिला याने चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर नवी राजधानी वसवली, तेव्हा शहराचे रस्ते पाण्याचे होते. घरे नदीकडे आणि कालव्यांकडे तोंड करून उभी असत, बाजार होड्यांत भरत. चारोन क्रुंग हा आधुनिक पद्धतीचा पहिला रस्ता बांधला गेला तो १८६० च्या दशकात. आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत घोडागाडीतून फिरण्याची सवय असलेले युरोपीय रहिवासी होते. म्हणजे शहराच्या पहिल्या ऐंशी वर्षांत जी मंदिरे, वखारी आणि वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांचा दर्शनी भाग नदीच्या बाजूला आहे. मोटारीने जाणारा पर्यटक त्यांच्याकडे बहुधा मागच्या दाराने पोचतो.

म्हणूनच स्थानिक मित्र पाहुण्याला प्रथम नदीवर नेतात. उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकातून उतरले की खालीच साथोर्नचा धक्का आहे. तेथून उत्तरेला नोंथबुरीपर्यंत प्रवासी बोटी जातात. बोटीच्या मागील बाजूस फडकणाऱ्या निशाणाच्या रंगावरून ती कोणकोणत्या धक्क्यांवर थांबणार हे ठरते. नारिंगी निशाणाची बोट दिवसभर धावते, इतर काही रंगांच्या बोटी केवळ गर्दीच्या वेळी सुटतात, तर निळे निशाण पर्यटकांसाठीच्या बोटीचे. नवखा प्रवासी निळ्या बोटीच्या तिकीट खिडकीकडे आपोआप वळवला जातो. सोबतचा मित्र त्याला दोन पावले पुढे नेऊन नारिंगी बोटीच्या रांगेत उभे करतो. नदी तीच, धक्के बरेचसे तेच. पण आता शेजारी शाळेचा गणवेश घातलेली मुले असतात, फुलबाजारातून टोपल्या घेऊन निघालेल्या बायका असतात आणि भिक्खूंसाठी राखून ठेवलेल्या जागेत उभे असलेले काषाय वस्त्रधारी भिक्खू असतात.

या बोटींचे नियंत्रण शिट्टीवर चालते. मागच्या टोकाला उभा असलेला कर्मचारी वेगवेगळ्या शिट्ट्यांनी सुकाणूवरील माणसाला अंतर सांगतो, दोर खांबाला अडकवतो आणि काही क्षणांत माणसे उतरतात, चढतात. येथे रेंगाळून चालत नाही. उजव्या-डाव्या तीरांवर मग एकेक स्थळ उलगडत जाते. पश्चिमेला अरुणाचे मंदिर वाट अरुण, पूर्वेला राजवाड्याची शिखरे. समोरच्या तीरावर जायचे असल्यास पलीकडे नेणाऱ्या तरी आहेत आणि त्यांचे भाडे अगदीच किरकोळ असते.

कालव्यावरची धावपळ

विसाव्या शतकात मोटारी वाढल्या तसे बँकॉकचे अनेक कालवे बुजवून रस्ते केले गेले. जे उरले त्यांतील सेन सेप हा कालवा आजही नोकरदारांची वाट आहे. राजा राम तिसरा याच्या काळात, १८३७ ते १८४० या वर्षांत तो खोदण्यात आला. कंबोडियावरून व्हिएतनामशी चाललेल्या संघर्षात पूर्वेकडे सैन्य आणि रसद नेणे हा त्याचा हेतू होता. १९९० पासून त्यावर जलद प्रवासी बोटी धावू लागल्या. वरच्या रस्त्यावर मोटारी तासन्‌तास खोळंबलेल्या असताना खाली या लांबट बोटी पुलांखालून सुसाट जातात.

हा प्रवास देखणा नाही. पाणी काळसर आणि दुर्गंधीयुक्त आहे. समोरून दुसरी बोट आली की लाट उसळते. त्यासाठी बोटीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे असतात. काठावर बसलेल्या प्रवाशाने दोर ओढून पडदा वर घ्यायचा आणि लाट गेली की सोडायचा, असा अलिखित नियम आहे. काठाची जागा हवा खायला मिळालेली नसून ती एक जबाबदारी आहे, हे पाहुण्याला मित्राकडूनच कळते. तिकिटे देणारे कर्मचारी डोक्यावर शिरस्त्राण घालून बोटीच्या अरुंद कडेवरून, बाहेरच्या बाहेर चालत येतात. पूल ठेंगणा असेल तेथे काही बोटींचे छतही खाली घेतले जाते. प्रातूनाम या धक्क्यावर बोट बदलावी लागते. या नावाचा अर्थच पाण्याचा दरवाजा.

याच कालव्याच्या काठी बान ख्रुआ ही जुनी वस्ती आहे. कंबोडियातून आलेल्या चाम मुस्लिमांचे हे मूळ ठिकाण. त्यांच्या रेशीम विणण्याच्या कौशल्यावरच अमेरिकन व्यापारी जिम थॉम्पसन याने दुसऱ्या महायुद्धानंतर थाई रेशमाचा व्यवसाय उभा केला. १९६७ मध्ये मलेशियात तो बेपत्ता झाला. त्याचे सागवानी घर मात्र संग्रहालय म्हणून पर्यटकांनी भरलेले असते. त्या घराच्या समोर, कालव्याच्या पलीकडच्या काठावर विणकरांची वस्ती आहे आणि तिकडे फारसे कोणी जात नाही. द्रुतगती मार्गाला जोडणारा रस्ता या वस्तीवरून नेण्याचे घाटत होते, तेव्हा रहिवाशांनी अनेक वर्षे चिकाटीने विरोध केला आणि तो रस्ता झाला नाही.

बोटीच्या मार्गाच्या पश्चिम टोकाजवळ, पानफा पुलाशेजारी माहाकान किल्ल्याचा पांढरा बुरूज उभा आहे. त्यामागे आज हिरवळीचे उद्यान दिसते. तेथे जुन्या लाकडी घरांची वस्ती होती. उद्यानासाठी जागा रिकामी करण्याच्या महापालिकेच्या निर्णयाविरुद्ध तेथील लोक सुमारे पाव शतक झगडले. २०१८ मध्ये अखेरची घरेही गेली. एकाच जलमार्गावर एक वस्ती टिकली आणि एक पुसली गेली. पर्यटन पुस्तिकेत किल्ला असतो, उद्यानही असते. पण त्या हिरवळीवर काय होते हे सांगायला शहरात वाढलेला माणूसच लागतो.

उंचावरचे शहर

बँकॉकला रुळांची ओळख नवी नाही. १८८८ मध्ये येथे घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली आणि काही वर्षांतच ती विजेवर धावू लागली. १८९३ मध्ये पाकनामपर्यंत रेल्वे गेली. परंतु मोटारीच्या युगात या दोन्ही गोष्टी अडगळ ठरल्या. पाकनामची रेल्वे १९६० मध्ये उखडण्यात आली आणि १९६८ मध्ये शेवटची ट्रामही थांबली. पुढची तीन दशके शहराने रस्त्यांवर भिस्त ठेवली आणि त्याची किंमत मोजली. १९९० च्या दशकातील बँकॉकची कोंडी जगभर दाखल्यासाठी वापरली जाई. उन्नत रस्ता आणि रेल्वे एकत्र बांधण्याचा होपवेल प्रकल्प १९९८ मध्ये रद्द झाला. त्याचे अर्धवट खांब रेल्वेमार्गाच्या कडेला वर्षानुवर्षे उभे होते.

५ डिसेंबर १९९९ रोजी उन्नत रेल्वे सुरू झाली आणि चित्र पालटू लागले. दोनच मार्ग, सुमारे साडेतेवीस किलोमीटर लांबी आणि सयाम स्थानकात दोघांची गाठ, एवढाच तो आरंभ होता. २००४ मध्ये भुयारी रेल्वे आली, २०१० मध्ये विमानतळाचा मार्ग, २०१६ मध्ये जांभळा, २०२१ मध्ये लाल, तर २०२३ मध्ये पिवळा आणि गुलाबी हे मोनोरेल मार्ग. २०१९ मध्ये भुयारी रेल्वेचा निळा मार्ग चाओ फ्रायाच्या पात्राखालून पलीकडे गेला. त्यामुळे चायना टाउन आणि जुनी राजधानी प्रथमच थेट रेल्वेच्या टप्प्यात आली. राजवाड्याजवळचे सनाम चाय स्थानक तर जुन्या दरबारी महालाच्या धर्तीवर सजवलेले आहे. भुयारी स्थानकांची प्रवेशद्वारे रस्त्याहून काही पायऱ्या उंच असतात. आधी चढायचे आणि मग उतरायचे, हे नवख्याला विचित्र वाटते. समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात पुराचे पाणी आत शिरू नये यासाठी ती व्यवस्था आहे.

तथापि या देखण्या व्यवस्थेत एक फट आहे आणि ती स्थानिकांना रोज जाणवते. उन्नत रेल्वे आणि भुयारी रेल्वे चालवणाऱ्या संस्था वेगळ्या, त्यांची तिकिटे वेगळी. अदलाबदलीच्या एकाच ठिकाणाला वरच्या स्थानकात अशोक म्हणतात आणि खालच्या स्थानकात सुखुमवित. वर साला देंग तर खाली सीलोम. एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा आरंभीचे भाडे पडते. मोजकेच दिवस राहणाऱ्या पर्यटकाला त्याचे काही वाटत नाही. दूरच्या उपनगरातून रोज येणाऱ्या दुकानातील सेविकेला किंवा बांधकाम मजुराला मात्र तो हिशेब करावा लागतो. एकत्रित आणि स्वस्त भाड्याची मागणी बँकॉकच्या राजकारणात पुन्हा पुन्हा येते ती यामुळेच.

हा हिशेब ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी खाली बस आहे. १९७६ मध्ये शहरातील विखुरलेल्या बस कंपन्या एकत्र करून सार्वजनिक परिवहन संस्था स्थापन झाली. तिच्या लाल-पिवळसर रंगाच्या, पंखे फिरणाऱ्या, खिडक्या सताड उघड्या असलेल्या जुन्या बस अल्प भाड्यात शहर ओलांडतात. वाहकाच्या हातात पत्र्याची लांबट नळी असते. तिच्यातच तिकिटांची गुंडाळी आणि सुटे पैसे. नळीचे झाकण खटखट वाजले की प्रवासी पैसे काढतात. मुंबईकराला येथे बेस्टच्या वाहकाच्या चिमट्याची टिकटिक आठवल्यावाचून राहत नाही. अलीकडे विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बसही मोठ्या संख्येने आल्या आहेत आणि मार्गांना नवे क्रमांक मिळाले आहेत. जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक असतात. त्यामुळे बसच्या बाबतीत फलकापेक्षा शेजारच्या माणसाचा शब्द अधिक उपयोगी पडतो.

ओळखीची अनोळखी नावे

मराठी प्रवाशाला या शहरात एक आनंद हमखास मिळतो. तो स्थानकांची नावे ऐकण्याचा. थाई भाषेने संस्कृत आणि पाली शब्दांचे मोठे भांडार स्वीकारले आहे. लिपीत त्यांचे मूळ रूप बरेचसे शाबूत असते. उच्चार मात्र थाई वळणाचा. द चा थ होतो, भ चा फ, ज चा च आणि शब्दाच्या शेवटी येणारा र अनेकदा न सारखा ऐकू येतो. ही किल्ली हाती आली की ध्वनिक्षेपकावरील घोषणा ओळखीच्या वाटू लागतात. राचथेवी म्हणजे राजदेवी. थोनबुरी म्हणजे धनपुरी. साला देंगमधील साला ही आपली शाला. देंग म्हणजे लाल. समुत प्राकान हा समुद्रप्राकार, म्हणजे समुद्राची तटबंदी. ज्याला पर्यटक व्हिक्टरी मॉन्युमेंट म्हणतात, त्या विजयस्तंभाच्या थाई नावातील चाय समोरफूम हे शब्द म्हणजे जय आणि समरभूमी. रच्चदाफिसेक या रस्त्याच्या नावात रजत आणि अभिषेक लपले आहेत. राजा भूमिबोल यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाची ती आठवण. विमानतळाचे नाव लिहिताना सुवर्णभूमी, बोलताना मात्र सुवन्नफूम.

खुद्द शहराला थाई माणूस बँकॉक म्हणत नाही. त्याच्या लेखी ते क्रुंग थेप, देवांचे नगर. त्याचे पूर्ण औपचारिक नाव जगातील सर्वांत लांब स्थलनामांपैकी एक असून त्यात महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या आणि विश्वकर्मा हे सारे शब्द थाई रूपात येतात. गाडीत उभ्या उभ्या मित्राने एकेक नाव त्याच्या उच्चाराने म्हणायचे आणि पाहुण्याने त्यातील मूळ शब्द शोधायचा, असा खेळ एका फेरीत सहज रंगतो. यात मित्रालाही काही नवे मिळते. रोज तोंडी असलेल्या नावाचा अर्थ त्याला परक्या पाहुण्याकडून कळतो.

शेवटचा किलोमीटर

स्थानकातून बाहेर पडल्यावर खरे बँकॉक सुरू होते आणि तेथेच नकाशा कमी पडतो. मुख्य रस्त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्यांना सॉय म्हणतात. त्यांतील कित्येक लांबलचक असतात आणि शेवटी बंद होतात. याचे कारण इतिहासात आहे. कालव्यांच्या काठाने भातशेतीचे आणि बागायतीचे लांबट, अरुंद पट्टे होते. शहर पसरले तसे जमीनमालकांनी आपापल्या पट्ट्याचे तुकडे पाडून विकले आणि प्रत्येकाने आपल्यापुरती वाट काढली. शेजारच्या दोन वाटा एकमेकींना जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. सुखुमवित रस्त्याच्या एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम क्रमांकाच्या सॉय आहेत. पण क्रमांकांची जोडी जुळत नाही. पंचावन्न क्रमांकाच्या सॉयसमोर चोपन्न किंवा छप्पन्न नसून अडतीस क्रमांकाची सॉय येते.

या गल्ल्यांत बस शिरत नाही. तेथे सोंगथेव चालतात. मागे समोरासमोर दोन बाकडी बसवलेली ही छोटी मालगाडी. सोंग म्हणजे दोन, थेव म्हणजे ओळ. आणि सॉयच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात. १९८० च्या दशकात रूढ झालेली ही सेवा नसेल तर रेल्वे स्थानकावर उतरलेली माणसे घरी पोचणार नाहीत. यांतील अनेक चालक देशाच्या ईशान्य भागातून, शेतीवर भागत नाही म्हणून आलेले असतात. त्या भागाचे नावच इसान, म्हणजे आपले ईशान. कोणत्या बंद गल्लीतून मंदिराच्या आवारातून पलीकडे जाता येते, कोणती वाट पावसात तुंबते, हे त्यांना पाठ असते. मानववंशशास्त्रज्ञ क्लॉडिओ सोप्रांझेत्ती यांनी या चालकांवर लिहिलेल्या पुस्तकाला ‘ओनर्स ऑफ द मॅप’, म्हणजे नकाशाचे मालक, असे नाव दिले ते सार्थच म्हणावे लागेल.

सोबतीची रीत

स्थानिकांबरोबर हिंडताना काही संकेत पाळले तर सोबत सुखाची होते. थायलंडमध्ये अनोळखी माणसालाही नात्याने हाक मारतात. वयाने थोडा मोठा असेल तर पी, लहान असेल तर नोंग. वयस्करांना लुंग किंवा पा, म्हणजे काका किंवा मावशी. वाहक असो वा मोटारसायकलवाला, पी म्हणून हाक मारली की चेहऱ्यावर हसू उमटते. मराठी माणसाला ही रीत शिकवावी लागत नाही. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता स्थानकात राष्ट्रगीत वाजते, त्या वेळी धावती गर्दी जागच्या जागी थांबते, पाहुण्यानेही थांबावे. बसमध्ये भिक्खूंसाठी राखलेल्या जागेवर बसू नये आणि स्त्रियांनी त्यांना स्पर्श होणार नाही इतके अंतर ठेवावे. उग्र वासाच्या डुरियन फळाला गाडीत बंदी आहे.

याहून महत्त्वाचा संकेत मनाचा आहे. थाई भाषेत त्याला क्रेंग जाय म्हणतात. दुसऱ्याला त्रास होऊ नये, त्याचे मन दुखावू नये म्हणून स्वतःची अडचण न बोलणे, असा त्याचा आशय आहे. मराठीतील भीड हा शब्द त्याच्या जवळ जातो. थाई मित्र थकला तरी थकलो म्हणणार नाही. ठरवलेले ठिकाण गैरसोयीचे असले तरी नको म्हणणार नाही. गटात वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेल्याने जेवणाचे पैसे द्यावेत, अशीही पद्धत आहे. तेव्हा पाहुण्यानेच मधूनमधून विसावा सुचवावा, दिवसाकाठी दोन-तीन ठिकाणांवर समाधान मानावे आणि निदान बोटीचे, बसचे तिकीट तरी आपण काढावे. मित्राने दिलेला दिवस हा त्याच्या सुटीचा दिवस असतो, याचे भान राखणे अगत्याचे.

अशा एका दिवसात पाहिलेल्या स्थळांची संख्या कमी भरते, हे खरे. सहलीच्या बसने जेवढी मंदिरे होतात त्याच्या निम्मीही होत नाहीत. त्याऐवजी हाती लागतो तो शहराचा जमाखर्च. पाणी बुजवून रस्ते केले, रूळ उखडून मोटारी आणल्या, पुन्हा कोट्यवधी खर्चून रूळ घातले आणि या साऱ्यात कोणाची वाट सोपी झाली, कोणाचे घर गेले, याचा तो हिशेब आहे. मेट्रोचे खांब उभारले जात असलेल्या, नाले बुजवून रस्ते रुंद करणाऱ्या आपल्याकडच्या शहरांतून जाणाऱ्या वाचकाला तो परका वाटू नये. पुढच्या वेळी बँकॉकला ओळखीचे कोणी असेल तर त्याला मंदिरांची यादी पाठवू नये; तो कामावर कोणत्या वाटेने जातो तेवढे विचारावे आणि त्या वाटेने त्याच्याबरोबर निघावे.